डायल-अप नुसतं पडून राहिलं की का तुटतं, आणि टिकवायचं कसं

तुमचा प्रश्न असा आहे की डायल-अप (फोनलाइनवरून मोडेमने लागणारं इंटरनेट) लावून ठेवलं आणि पंधरा-वीस मिनिटं काही केलं नाही की कनेक्शन आपोआप तुटतं, विंडोजमध्ये 'किती वेळाने तोडायचं' याला 'नेव्हर' करून झालंय तरी तेच, त्यामुळे लाइन जागी ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर हवंय. सॉफ्टवेअरचं सांगतो पण थोडं पुढे गेल्यावर, कारण दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये त्याची गरजच नसते आणि काही केसेसमध्ये ते लावून काडीचा फरक पडत नाही. मी बरीच वर्षं सर्व्हिस प्रोव्हायडरच्या बाजूला बसून मोडेमच्या रॅकचे लॉग वाचलेत, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली, की 'कनेक्शन तुटतं' ही एक तक्रार नसून चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत ज्या घरी बसलेल्या माणसाला सारख्याच दिसतात. फोन कोण ठेवतंय हे आधी शोधायचं. ते कळलं की उपाय दोन मिनिटांचा असतो.

शोधायला लागतं फक्त घड्याळ. तीन वेळा कनेक्ट करा आणि दर वेळी या तीन गोष्टींची वेळ लिहून ठेवा: डायल कधी केलं, शेवटचं पान किंवा मेल कधी उघडलं, आणि तुटलं कधी. शेवटच्या कामापासून तुटेपर्यंतचा वेळ दर वेळी तोच आला, म्हणजे समजा तिन्ही वेळा २० मिनिटं, तर तो आयडल टायमर आहे (काही काम नसलं की फोन ठेवणारा), कोणाचा ते पुढे बघू. डायल केल्यापासूनचा वेळ दर वेळी तोच आला, मग तुम्ही काम करत असा नाहीतर नसा, तर ती सेशनची मर्यादा आहे, म्हणजे एका कॉलला ठरवून दिलेला जास्तीत जास्त वेळ, आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही. आणि वेळा कशाही आल्या, एकदा ७ मिनिटं, एकदा ५०, एकदा मध्येच डाउनलोड चालू असताना, तर टायमरचा काही संबंध नाही, लाइन खराब आहे किंवा मोडेम. हे एवढं न करता लोक थेट कीप-अलाइव्ह (लाइन जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकतात आणि मग महिनाभर वैतागतात, म्हणून हे आधी करा अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता टायमर निघाला असं धरू. तो तुमच्या मशीनवर आहे की समोर, प्रोव्हायडरकडे? इथेच विंडोजमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण आयडल टाइम एका जागी नाही तर तीन जागी असतो आणि तुम्ही त्यातली एकच बदललेली असते. एक्सपीचं उदाहरण घेतो, बाकीच्या व्हर्जनमध्ये जागा थोड्या इकडेतिकडे सापडतील. पहिली जागा म्हणजे नेटवर्क कनेक्शन्समध्ये तुमच्या कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ऑप्शन्सचा टॅब, तिथे 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप' असतं, ते नेव्हर करायचं, हे तुम्ही केलेलं दिसतंय. दुसरी जागा इंटरनेट एक्सप्लोररची आहे: टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, तुमचं कनेक्शन निवडून सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे 'डिस्कनेक्ट इफ आयडल फॉर' आणि समोर २० मिनिटं असं असतं, आणि त्याच्याच खाली 'डिस्कनेक्ट व्हेन कनेक्शन मे नो लाँगर बी नीडेड' असतं, या दोन्हींवरची टिक काढायची. ही दुसरी टिक फार त्रास देते, कारण ब्राउझरची शेवटची विंडो बंद केली की तिला वाटतं आता कनेक्शन कशाला हवं, मग भले मागे मेल डाउनलोड होत असो. तिसरी जागा मोडेमची: कंट्रोल पॅनेल, फोन अँड मोडेम ऑप्शन्स, मोडेम निवडून प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, चेंज डिफॉल्ट प्रेफरन्सेस, आणि तिथे 'डिस्कनेक्ट अ कॉल इफ आयडल फॉर मोअर दॅन'. ही टिक काढा.

याच्यावरून एक आठवण सांगतो. एका माणसाची तक्रार यायची की २० मिनिटांनी कट होतं. आम्ही आमच्या सर्व्हरवरचा त्याचा आयडल टायमर वाढवला, तरी तेच, अजून वाढवला, तरी तेच, तो आमच्यावर चिडलेला आणि आम्ही आमच्या इक्विपमेंटवर संशय घेत बसलेलो. शेवटी अकाउंटिंगचे रेकॉर्ड नीट उघडून बघितले तर प्रत्येक सेशनपुढे कारण लिहिलेलं, 'यूजर रिक्वेस्ट'. म्हणजे फोन त्याचंच मशीन ठेवत होतं. एक्सप्लोररमधली ती २० मिनिटांची टिक काढली आणि विषय संपला. त्या दिवसापासून मी आधी कारण बघतो, मग हात लावतो.

आणि ही गोष्ट तुम्हालाही वापरता येते. जवळजवळ सगळे प्रोव्हायडर लॉगिन आणि हिशोबासाठी रेडियस नावाचा प्रोटोकॉल वापरतात, आणि त्यात सेशन संपलं की एक कारणाचा आकडा नोंदवता येतो: १ म्हणजे यूजर रिक्वेस्ट, २ म्हणजे लॉस्ट कॅरियर (दोन मोडेममधला सिग्नल हरवला), ४ म्हणजे आयडल टाइमआउट, ५ म्हणजे सेशन टाइमआउट. तेव्हा सपोर्टला फोन लावून नुसतं 'कट होतंय' सांगू नका, तारीख आणि तुटल्याची वेळ सांगा आणि विचारा, या सेशनचा टर्मिनेट कॉज काय दिसतोय. समोरच्या माणसाला स्क्रीनवर बघायला अर्धा मिनिट लागतं आणि तुमचं अर्धं डायग्नोसिस तिथेच होतं. ४ आला तर लगेच पुढचा प्रश्न, आयडल लिमिट किती मिनिटांचं आहे. हा आकडा ते सहसा लपवत नाहीत.

लिनक्सवाल्यांना तर विचारायचीही गरज नाही, पीपीपीडी (तिथे डायल-अप सांभाळणारा प्रोग्रॅम) बंद होताना एक्झिट कोड देतो. १२ म्हणजे तुमच्याच आयडल सेटिंगमुळे बंद केलं, १३ म्हणजे तुमच्याच बाजूला लावलेली कनेक्ट टाइमची मर्यादा संपली, १५ म्हणजे समोरचा एकोला, म्हणजे 'आहेस ना' या विचारण्याला, उत्तर देत नाही, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. १२ आला तर ऑप्शन्सच्या फाइलमध्ये 'आयडल' ची ओळ शोधा आणि काढा, बस.

मोडेमच्या आतही एक टायमर असतो आणि तो लोकांना माहीतच नसतो. एस-३० नावाचं रजिस्टर, म्हणजे मोडेमच्या आतली एक सेटिंग. बहुतेक मोडेममध्ये ते शून्य म्हणजे बंद असतं, पण ड्रायव्हरने किंवा आधीच्या मालकाने काहीतरी भरून ठेवलेलं असू शकतं. त्याचं एककही मोडेमप्रमाणे बदलतं, कुठे एक म्हणजे १० सेकंद, कुठे एक म्हणजे एक मिनिट, त्यामुळे आकडा वाचून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ शून्य करा. विंडोजमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्सचा डबा असतो, त्यात एस३०=० असं टाकायचं, म्हणजे दर वेळी डायल करायच्या आधी ते सेट होतं. अक्षरं अर्थात इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे. हायपरटर्मिनलमधून मोडेमशी बोलता येत असेल तर एटी-अँपरसँड-व्ही दिलं की बऱ्याच मोडेमवर सगळी रजिस्टरं समोर येतात, एकदा बघून घ्या.

घरचं सगळं साफ केलं, तरी ठरलेल्या वेळेला तुटतंय आणि टर्मिनेट कॉज आयडल टाइमआउट आहे, तर मग टायमर समोरच्याचा. आता कीप-अलाइव्हची वेळ आली. पण तो टायमर नक्की काय मोजतो हे समजून घ्या, नाहीतर लावलेलं कीप-अलाइव्ह फुकट जातं आणि का गेलं ते कळत नाही.

पीपीपी मध्ये, म्हणजे डायल-अपवर दोन्ही टोकं ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्यात, एलसीपी एको नावाची एक सोय आहे, दोन्ही टोकं एकमेकांना विचारतात की अरे आहेस ना, आणि उत्तर येतं. खूप लोक हे चालू करतात आणि म्हणतात झालं. नाही होत. आयडल टायमर सहसा खरी डेटा पॅकेटं मोजतो, म्हणजे आयपी पॅकेटं, आणि एलसीपी एको हे लिंकच्या स्वतःच्या देखभालीचं बोलणं आहे, ते मोजणीत धरत नाहीत. पीपीपीडीच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्टच लिहिलंय की आयडल म्हणजे आयपी पॅकेट जात-येत नसणं. एकोचा उपयोग वेगळा आहे, समोरचं टोक मेलंय हे लवकर कळावं म्हणून, म्हणजे मेलेल्या लाइनला तासभर धरून बसायला नको. त्यासाठी जरूर ठेवा, पण कीप-अलाइव्ह म्हणून धरू नका.

दुसरी गंमत दिशेची. उदाहरण म्हणून सिस्कोच्या राउटरवरचा डायलर आयडल-टाइमआउट घ्या, तो मुळात १२० सेकंदांचा असतो, आणि वेगळं सांगितलं नाही तर फक्त बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकने रीसेट होतो. कोणाच्या बाहेर? राउटरच्या. म्हणजे प्रोव्हायडरकडून तुमच्याकडे येणाऱ्या पॅकेटने. तुम्ही इकडून कितीही पॅकेटं ढकला, त्याला उत्तर आलं नाही तर त्या टायमरच्या दृष्टीने तुम्ही झोपलेलेच. म्हणून माझा नियम असा आहे की कीप-अलाइव्ह नेहमी असं निवडायचं ज्याला हमखास उत्तर येतं, म्हणजे दोन्ही दिशांना पॅकेट जातं आणि समोर कुठल्याही पद्धतीने मोजत असले तरी चालतं. जो पत्ता पिंगला ('आहेस का' विचारणाऱ्या छोट्या पॅकेटला) उत्तर देत नाही त्याला रात्रभर पिंग करून काही उपयोग नाही.

तिसरी, कॅश, म्हणजे आधी आणलेल्या गोष्टींचा मशीनवरचा साठा. कोणी पान आपोआप रिफ्रेश करायला लावतं, आणि ब्राउझर ते डिस्कवरच्या कॅशमधून दाखवतो, लाइनवर एक बाइटही जात नाही. कोणी डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) एकच नाव परत परत विचारतं, आणि विंडोज २००० पासून पुढे नावांची कॅश मशीनवरच असते, त्यामुळे तेही घरातल्या घरात उत्तर मिळतं. एनएसलुकअप ही कमांड मात्र थेट सर्व्हरला विचारते, ते चालतं.

मग काय वापरायचं? माझी पहिली पसंती मेल प्रोग्रॅमला. आउटलुक एक्सप्रेस असो की थंडरबर्ड, त्यात 'दर इतक्या मिनिटांनी नवीन मेल बघ' असं सेटिंग असतं, ते ५ किंवा १० मिनिटं करा. प्रत्येक वेळी सर्व्हरशी कनेक्शन, लॉगिन, मेल आहे का, निघतो, एवढं खरं बोलणं दोन्ही बाजूंनी होतं, काही नवीन इन्स्टॉल करायला लागत नाही आणि वर मेल पण येते. एक मिनिटावर मात्र नका ठेवू, काही मेल सर्व्हर वारंवार लॉगिन करणाऱ्याला अडवतात आणि मग एक प्रॉब्लेम सोडवताना दुसरा उभा राहतो.

मेल प्रोग्रॅम वापरत नसाल तर पिंग. लोक काय करतात, पिंग डॅश टी लावून देतात, तो दर सेकंदाला एक जातो. एक पिंग हेडर धरून ६० बाइटचा असतो, म्हणजे तासाला २,१६,००० बाइट जाणार आणि तेवढेच येणार. लाइन त्याने भरत नाही, ३३.६ केबीपीएसच्या अपलोडवर दीड टक्क्याच्या आसपास होतं, पण गरज काय आहे? १५ मिनिटांचा टायमर रीसेट करायला ९०० पिंग कशाला, एक पुरतो. लिनक्सवर पिंग डॅश आय २४० दिलं की दर चार मिनिटांनी एकच जातो. विंडोजच्या पिंगला तसा इंटरव्हलचा ऑप्शन नाही, म्हणून छोटी बॅच फाइल करायची: एक पिंग डॅश एन १ बाहेरच्या पत्त्याला, मग वाट बघायची, मग गोटू लावून परत वर. वाट बघायला नव्या विंडोजमध्ये टाइमआउट कमांड आहे, एक्सपीमध्ये नाही, तिथे जुनी युक्ती म्हणजे स्वतःच्याच मशीनला, १२७.०.०.१ ला, डॅश एन २४१ ने पिंग करायचं, ते मशीनच्या आतच राहतं आणि साधारण २४० सेकंद निघून जातात.

पिंग कोणाला करायचं? कुठल्यातरी मोठ्या वेबसाइटला नको. कनेक्शन चालू असताना त्याच्या स्टेटसमध्ये डिटेल्सचा टॅब उघडा, तिथे 'सर्व्हर आयपी ॲड्रेस' दिसतो, ते तुमच्या फोन कॉलचं दुसरं टोक. तेच सगळ्यात जवळचं आणि योग्य. ते उत्तर देत नसेल तर प्रोव्हायडरचा डीएनएस सर्व्हर, तो आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मध्ये दिसतो. आणि अंतर किती ठेवायचं, तर टायमरच्या अर्ध्याहून कमी. १५ मिनिटांचं लिमिट असेल तर पाच-सहा मिनिटं, म्हणजे एखादं पॅकेट वाटेत हरवलं तरी पुढचं वेळेत पोचतं.

एसएसएच किंवा टेलनेट (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचे प्रोग्रॅम) वापरणारे म्हणतील की टीसीपी मध्ये कीप-अलाइव्ह असतोच की. असतो, पण त्याचा डिफॉल्ट दोन तासांचा असतो, १५ मिनिटांच्या टायमरपुढे तो काय करणार. एसएसएचचं स्वतःचं सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल आहे, ते ३०० ठेवा, त्याला उत्तरही येतं, काम होतं.

इथे एक मनातलं बोलतो, मी रॅकच्या त्या बाजूला बसलोय म्हणून. आयडल टायमर त्रास द्यायला लावलेला नसतो. समोर मोडेमचे पोर्ट मोजके असतात, गिऱ्हाइकं त्याच्या कितीतरी पट, आणि संध्याकाळी एक पोर्ट नुसता पकडून ठेवला की दुसऱ्या कोणाला तरी एंगेज टोन ऐकू येतो. मला ते फोन यायचे, मुलांचा रिझल्ट बघायचाय, लागत नाहीये. तेव्हा मशीनवर खरंच काहीतरी चालू आहे, मेलची वाट बघताय, कोणी बाहेरून तुमच्या मशीनवर येणार आहे, तर कीप-अलाइव्ह लावा, बिनधास्त लावा. पण नुसतं परत डायल करायचा कंटाळा म्हणून रात्रभर लाइन धरून ठेवू नका. आणि प्रोव्हायडरच्या अटी एकदा वाचा, काही ठिकाणी असली सॉफ्टवेअरं चालणार नाहीत असं लिहिलेलं असतं आणि अकाउंट बंद होऊ शकतं. लोकल कॉलला मिनिटावर पैसे पडत असतील तर बिल पण आहेच.

परत डायल करायचा कंटाळा हेच कारण असेल तर उलटा उपाय जास्त चांगला: तुटू द्या, आणि लागेल तेव्हा आपोआप लागू द्या. एक्सपीमध्ये त्याच ऑप्शन्स टॅबवर 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' ची टिक आहे. लिनक्सवर पीपीपीडीचा 'डिमांड' ऑप्शन लावला की पहिलं पॅकेट निघालं की तो स्वतः डायल करतो. 'पर्सिस्ट' पण आहे, तुटलं की परत लावतो, पण पर्सिस्ट आणि आयडल दोन्ही एकत्र, डिमांडशिवाय, कधीच लावू नका, तो स्वतःच तोडेल आणि स्वतःच परत लावेल, रात्रभर.

एक छोटी गोष्ट राहिली. एक्सपीमध्ये लॉग ऑफ केलं की डायल-अप तुटतं, तो टायमर नाही, तसंच बनवलेलं आहे. रजिस्ट्रीत विनलॉगऑनच्या खाली 'कीप रास कनेक्शन्स' नावाची व्हॅल्यू १ केली की राहतं. स्टँडबायमध्ये मात्र जाणारच, तेव्हा पॉवर ऑप्शन्समध्ये स्टँडबाय बंद करा, आणि यूएसबी मोडेम असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटवरची 'वीज वाचवायला हे बंद करू दे' ची टिक काढा. खूप लोकांचा 'आयडल' प्रॉब्लेम म्हणजे लॅपटॉप झोपतो एवढाच असतो.

आणि वेळा कशाही येत असतील, टर्मिनेट कॉज लॉस्ट कॅरियर असेल, तर वरचं सगळं विसरा. कॉल वेटिंग आहे का बघा, तो बीप लाइनवर आला की मोडेमला वाटतं कॅरियर गेला. टेलिफोन कंपनीचा बंद करायचा कोड नंबरच्या आधी टाका आणि मध्ये एक स्वल्पविराम, त्याने मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. घरातला प्रत्येक जोडफोन काढून एकदा टेस्ट करा. एस-१० रजिस्टर बघा, कॅरियर गेल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा ते त्यात असतं, सेकंदाच्या दहाव्या भागात, १४ असेल तर १.४ सेकंद. ते ५० ते १०० करून बघा. २५५ करू नका, बऱ्याच मोडेममध्ये त्याचा अर्थ कॅरियर गेला तरी लक्षच देऊ नको असा होतो, आणि समोरच्याने फोन ठेवल्यावरही तुमची लाइन अडकून राहू शकते. एवढ्याने भागलं नाही तर स्पीड खाली आणा. व्ही.९० सोडून व्ही.३४ वर, म्हणजे ५६ च्या ऐवजी ३३.६ किंवा त्याहून खाली. अनेक मोडेमवर +एमएस=व्ही३४ त्याच एक्स्ट्रा कमांडच्या डब्यात टाकलं की होतं. आकडा लहान दिसतो पण दर दहा मिनिटांनी तुटणाऱ्या ४८ पेक्षा न तुटणारं २८ रोजच्या वापरात कितीतरी फास्ट पडतं, हे मी माझ्या स्वतःच्या लाइनवर बघितलंय.

राहिली सेशनची मर्यादा. डायल केल्यापासून बरोबर ठरलेल्या वेळी तुटत असेल तर ती लांबवायच्या मागे लागू नका, तिथे पिंगचा काही उपयोग होत नाही. मोठी फाइल उतरवायची असेल तर रिझ्यूम करणारा डाउनलोडर घ्या, डब्ल्यूगेट असेल तर डॅश सी लावा, आणि मर्यादा यायच्या पाच मिनिटं आधी स्वतः डिस्कनेक्ट करून लगेच परत डायल करा, फाइल जिथे थांबली तिथून पुढे सुरू होईल.